दोरीवरचा हातमोजा

रेस्तितूताचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. त्या एका गोष्टीपायी आमच्या गल्लीनं तिला वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं आणि त्याच गोष्टीपायी एका हिवाळ्यात तिच्या नावानं थुंकली. मी तिची कुम्मा, म्हणजे तिच्या पोरीला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेली बाई. आमच्याकडं ही नाती रक्ताच्या नात्यापेक्षा चिवट असतात. तेव्हा मी तिच्याच बाजूनं बोलणार. ज्यांना निःपक्षपाती माणूस हवा असेल त्यांनी दुसरीकडं विचारावं.

नेपल्समध्ये, सानिता नावाच्या आमच्या वस्तीत, घर म्हणजे तळमजल्याची एक खोली. दार हीच खिडकी, आणि पलंग हेच टेबल, हाच दिवाणखाना. रेस्तितूताची खोली मात्र पहिल्या मजल्यावर, आणि तिला खिडक्या दोन. एक गल्लीत उघडायची, दुसरी मोठ्या रस्त्यावर. नवरा बेल्जियमच्या खाणीत गेला तो तिकडचाच झाला. मागं राहिल्या ती, शिवणाचं मशीन आणि पोरगी रोझाल्बा.

आमची सगळी गल्ली हातमोज्यांवर जगायची. कारखाना म्हणायला दॉन सोस्सियोचा, पण हातमोजा तयार व्हायचा तो घराघरांतून फिरत. वरच्या मजल्यावर मास्त्रो अनिएल्लो करडाचं कातडं ओलं करून टेबलाच्या कडेवर ताणायचा आणि कापायचा. तिथून दोरीच्या टोपलीनं ते तुकडे खाली यायचे. एक बाई अंगठा जोडायची, दुसरी बोटांमधल्या पट्ट्या, तिसरी मनगटाची कड. रेस्तितूता अंगठेवाली. मी सुलटवणारी: उलटा शिवलेला मोजा लाकडी काडीनं बोट न्‌ बोट सुलटा करायचा, आणि तोही शिवण न उसवता. शेवटी कारखान्यात तापलेल्या पितळी पंजावर चढवून त्याच्या सुरकुत्या काढायच्या, की तो चालला मिलानला नाहीतर लंडनला, कुण्या मडमेच्या हातात.

यातलं काहीच कागदावर नव्हतं. सरकारच्या लेखी आमच्या गल्लीतल्या समस्त बायका घरी बसून पोरं सांभाळत होत्या. म्हणून अधूनमधून कामगार खात्याचे साहेब तपासायला यायचे, आणि म्हणून रेस्तितूताच्या खिडकीला मोल होतं. रस्त्यावर साहेब दिसला की ती गल्लीतल्या दोरीवर, वाळत घातलेल्या चादरींमध्ये, एक पांढरा हातमोजा चिमट्यानं अडकवायची. एकच, जोडी नव्हे. बाहेरच्याला तो दिसूनही दिसायचा नाही. त्याला वाटणार, धुतला असेल कुणीतरी. पण करडाच्या कातड्याचा मोजा आमच्यात कोणी जन्मात पाण्यात घालत नाही. आमच्या नजरेला तो दोरीवर दिसला म्हणजे चुलीवर बूट ठेवलेला दिसावा तसं व्हायचं. लगेच मशिनं पलंगावर, मशिनांवर गोधड्या, आणि गोधड्यांवर कुणाची ना कुणाची सासू. माझी सासू इतकं छान कण्हायची की एक साहेब तर टोपी काढून उभा राहिला होता.

रोझाल्बाच्या वेळी रेस्तितूताला कळा सुरू होत्या, सुईण पाणी तापवत होती, तेवढ्यात रस्त्यावर साहेब दिसला. ही बया भिंत धरत उठली, मोजा अडकवला, आणि मग जाऊन बाळंत झाली. गल्लीनं तिला त्या दिवशी मोठं केलं. तिचा स्वभाव काही गोड नव्हता, तोंड तर माझ्याहून फाटकं. पण तिनं अडकवायचा आणि आम्ही बघायचा, यात कधी चूक झाली नाही.

एक जागा मात्र अशी होती की तिथून दोरी दिसायची नाही. अनिएल्लोच्या खोलीच्या बरोबर खाली, दगडात कोरलेलं तळघर. तिथं गल्लीतल्या तरण्या पोरी स्वस्तातल्या हिवाळी मोज्यांना आतून लोकरीचं अस्तर चिकटवायच्या. खिडकी नाही, धुराडं नाही, पेट्रोलसारख्या वासाच्या डिंकाचे डबे उघडे, आणि सोबतीला रेडिओ. त्यांच्यासाठी अनिएल्लो होता. दोरीवर मोजा दिसला की तो आपली लाकडी मोगरी जमिनीवर आपटायचा; ठोका दगडी भिंतीतून थेट खाली उतरायचा. ठोका ऐकला की पोरी रेडिओ बंद करायच्या, डब्यांना झाकणं लावायच्या आणि मागच्या भुयारातून पलीकडच्या गल्लीत निघून जायच्या. म्हणजे मोजा सगळ्या गल्लीचा, आणि मोगरी फक्त तळघराची. एवढं ध्यानात ठेवा.

रोझाल्बा तळघरात जायला लागली तेव्हा तिच्या पायात भिंगरी होती. पायऱ्या उतरायची नाही, उड्या मारायची. काम सोपं, बसून करायचं, मैत्रिणी सोबत. रेस्तितूतालाही बरं वाटलं. मग एका रविवारी आम्ही चर्चमधून परत येत होतो. मागून कुणीतरी हाक मारली, "अगं रोझाल्बा, चप्पल राहिली की तुझी." बघते तर पोरगी एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा अशी अख्खा चढ चढून आली होती. खडे रुतून तळव्यातून रक्त आलेलं. तिला पत्ताच नाही.

"लक्ष कुठं असतं गं तुझं?" रेस्तितूता ओरडली.

"नाही कळलं, आई."

"कुणाच्या विचारात होतीस?"

रोझाल्बा हसली. आम्हीही हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पुढं पाय जमिनीवर फटक फटक पडायला लागला, मग पायऱ्या चढताना भिंत लागायला लागली, आणि कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या आत पोरगी खुर्चीत बसली ती उठेना. आम्ही तिला इस्पितळात नेली. डॉक्टर तरुण होता, परगावचा. त्यानं सुई टोचली, हातोडी मारली, आणि विचारलं, "काम काय करते?"

"घरीच असते," रेस्तितूता म्हणाली. हे उत्तर आमच्या सगळ्यांच्या जिभेवर तयार असायचं.

डॉक्टर वाकला आणि त्यानं पोरीच्या केसांचा वास घेतला. "घरी डिंक वापरता का तुम्ही?"

रेस्तितूतानं पोरीचे केस रुमालाखाली सारले. मग तो हळू आवाजात बोलला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. म्हणाला, डिंकाच्या वाफेनं नसा मरत चालल्यात. आत्ता थांबवलं आणि नीट उपचार झाले तर पाय परत येतील, सगळे नाही पण येतील. उपचार लांबलचक आहेत. कामानं आलेलं दुखणं म्हणून नोंद झाली तर सरकार तिला इथं ठेवून घेईल. नाही झाली, तर तिला घरी न्या आणि मेणबत्त्या लावा. "आणि त्या खोलीत अजून कोण बसतं?" त्यानं विचारलं. "त्यांचंही हेच होणार आहे."

"तुम्ही लिहून द्या ना मग."

"मी कामगार खात्याला कळवतो. तुमच्या पत्त्यावरून गल्ली त्यांना कळेल. ते येतील. पण त्यांना ती जागा चालू सापडायला हवी, डबे उघडे, पोरी बसलेल्या. तुमच्या भागात म्हणे ते कधीही आले तरी काहीच सापडत नाही. का, ते मला माहीत नाही."

का, ते रेस्तितूताला माहीत होतं.

गल्लीत बातमी आमच्या आधी पोचली होती. दुसऱ्याच दिवशी दॉन सोस्सियो आला, हातात मिठाईचा पुडा, गरम स्फोल्यातेल्ले. माणूस राक्षस नव्हता, हेही सांगते. त्याच्या आईनं याच गल्लीत अंगठे शिवले होते. त्यानं रोझाल्बाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, खुर्ची ओढून बसला, आणि म्हणाला, "पोलिओ आहे म्हणा. हल्ली सगळीकडं आहे. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, मी दाखवतो."

"या वयात पोलिओ?" रेस्तितूता म्हणाली.

"दोन्ना रेस्तितूता, तळघर बंद झालं की कारखाना बंद झाला. हिवाळी माल गेला की मी करडाच्या कातड्यावर तग धरणार नाही. मग या गल्लीत कोण कुणाला अंगठे देणार? तुम्हीच सांगा, मी ऐकतो."

तो खोटं बोलत नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

उठताना त्यानं खिडकीतून दोरीकडं बघितलं. "ते आले की मोजा वेळेवर लागला पाहिजे. तुमचा हात जड झाला असेल तर सांगा. ही खोली माझ्या मेहुण्याची आहे, दुसरं कुणी येऊन राहील."

तो गेल्यावर रेस्तितूतानं मिठाईचा पुडा माझ्या हातात दिला. "तुझ्या सासूला ने. कण्हून कण्हून दमली असेल."

मग सुरू झाले ते दिवस. साहेब येणार हे सगळ्यांना माहीत, कधी येणार हे कुणालाच नाही. बायका मशीन चालवता चालवता दर टाक्याला दोरीकडं बघायच्या. कुणी दारावर जरा जोरात थाप मारली तरी सुया मोडायच्या. आणि जो तो रेस्तितूताच्या चेहऱ्यावर वाचायला बघायचा: ही लावणार की नाही? वर्षानुवर्षं डोळे मिटून जिच्यावर विसंबलो, तिच्याकडं आता गल्ली चोरासारखी बघत होती.

शेवटी पाण्याच्या नळावर एर्सिलियानं तोंड उघडलं. एर्सिलिया कडा शिवायची, घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि तिची धाकटी मेना तळघरात रोझाल्बाच्याच बाकावर बसायची.

"तू मोजा लावणार आहेस ना गं?"

"का? आजवर कधी चुकलेय?"

"आजवरचं सोड. तुझी एक पोर आजारी पडली म्हणून सगळ्या गल्लीनं उपाशी मरायचं का?"

रेस्तितूतानं बादली खाली ठेवली. "मेनाच्या पायाकडं बघ, एर्सिलिया. काल तिची चप्पल पायरीवर राहिली होती. मी उचलून दिली."

"ती चप्पल तिला मोठी होते. थोरलीची आहे."

"बरं. थोरलीची असेल."

"थोरलीचीच आहे," एर्सिलिया पुन्हा म्हणाली, कुणी न विचारता. बादली न भरताच ती निघून गेली.

त्याच दुपारी रेस्तितूता मला म्हणाली, "कुम्मा ब्रिजिदा, चल वर." आम्ही मास्त्रो अनिएल्लोकडं गेलो. टोपलीत न मावलेले तुकडे आणायला मला तिथं रोज जावंच लागायचं, म्हणून कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं.

अनिएल्लो म्हणजे एकटा जीव. बायको गेलेली, मूलबाळ नाही. लहानपणी रस्त्यावर भटकत होता, दॉन सोस्सियोच्या बापानं उचलून कातडं कापायच्या टेबलाशी उभा केला, तो अजून तिथंच उभा. मालकावर त्याची कुत्र्यासारखी निष्ठा. बोलायचा कमी. आणि बोलणं टाळायचं असलं की त्याचं ठरलेलं उत्तर होतं: "कातडं ताणलंय, सोडलं तर आखडेल." हे खरंही असतं. ओलं कातडं ताणून धरलेलं मध्येच सोडलं तर ते आकसतं, आणि मग त्यातून निघालेला मोजा बोटाला आखूड पडतो. पण पाद्री वर्गणीला आला, घरमालक आला, नळावरचं भांडण मिटवायला बोलावलं, प्रत्येक वेळी याचं कातडं बरोब्बर ताणलेलंच असायचं. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची.

"मास्त्रो," रेस्तितूता दारातच म्हणाली, "मी मोजा लावणार आहे."

त्यानं मान हलवली. कातड्यावरून नजर काढली नाही.

"मोजा मी लावीन. बायकांची मशिनं लपली पाहिजेत. पण मोगरी तुझ्या हातात आहे."

आता मला कळलं ती काय मागत होती. साहेबाला बायका सापडू नयेत, तळघर मात्र सापडावं. म्हणजे ज्याच्या बापानं अनिएल्लोला माणसात आणलं त्या दॉन सोस्सियोला अनिएल्लोच्याच हातून बुडवायचं.

अनिएल्लोनं कातडं आणखी ओढलं. मग म्हणाला, "मोगरी मला थोरल्या मालकानं दिली."

"माहीत आहे."

"युद्धात बाँब पडायचे तेव्हा त्याच तळघरात त्यानं आख्खी गल्ली घेतली होती. तुझी आईपण होती."

"तेही माहीत आहे. आणि चर्चमध्ये रोझाल्बानं पहिला प्रसाद घेतला तेव्हाचे मोजे तू कापले होतेस, हेही माहीत आहे."

"कापले. कातडं चांगलं होतं."

"पोरगीही चांगली होती, मास्त्रो."

"बोलू नकोस," तो म्हणाला. "कातडं ताणलंय. सोडलं तर आखडेल."

जिना उतरताना मी तिला म्हटलं, "काय केलंस हे? आता तो जाऊन मालकाला सांगेल."

"सांगेल तर सांगेल."

"खोलीपण जाईल आणि पोरीचे पायपण."

"मग काय करू, ब्रिजिदा? तूच सांग. मोजा लावला नाही तर सगळ्याजणी पकडल्या जाणार. तू पकडली जाणार. लावला आणि त्यानं ठोकलं तर माझी पोर खुर्चीत सडणार, आणि वर्षभरात मेना तिच्या शेजारी." तिचा आवाज फाटला होता, पण रडली नाही. मीच रडले, तिच्या वाटचंही.

अनिएल्लोनं मालकाला सांगितलं की नाही ते कळेना. दॉन सोस्सियो रस्त्यात भेटला की पूर्वीसारखाच टोपीला हात लावायचा. त्यानं तर मला जास्तच भीती वाटायची.

ते आले त्या सोमवारी अनिएल्लोकडं कामच नव्हतं. मी सकाळी तुकडे आणायला वर गेले तर टेबल कोरडं ठणठणीत. तो नुसता बसून कात्रीला तेल देत होता. दॉन सोस्सियोचा निरोप आला होता की कातडी उद्या पाठवतो, चामडेवाल्याची गाडी अडकली आहे. मी रिकाम्या हातानं परतले आणि रोझाल्बाच्या पायांना तेल चोळायला रेस्तितूताकडं गेले. गल्लीत मशिनांची घरघर चालू होती, शनिवारी आलेले अंगठे आणि कडा पुऱ्या होत होत्या. कुठंतरी घेवड्याचा रस्सा शिजत होता. रेस्तितूता रस्त्याच्या खिडकीशी मटार सोलत बसली होती.

तिचे हात थांबले.

"आले," ती म्हणाली.

मी डोकावून बघितलं. दोघं होते, हातात बॅगा, पायात चकचकीत बूट. फळवाल्याला काहीतरी विचारत होते, आणि फळवाला आकाशाकडं बघून खांदे उडवत होता.

रेस्तितूतानं फडताळातून पांढरा मोजा काढला. तो हातात घेऊन ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. मला वाटलं, आता ही तो खाली ठेवते. ठेवला असता तरी मी तिला दोष दिला नसता, आणि दिलाही असता; माझं मोज्यांनी भरलेलं घर खालीच होतं.

ती गल्लीच्या खिडकीशी गेली आणि तिनं मोजा दोरीवर अडकवला. चादर बाजूला सारून, सगळ्यांना दिसेल असा.

मशिनं एकेक करून थांबत गेली. पलंग सरकले, दारं लोटली, माझ्या सासूनं कण्हायला सुरुवात केली. मी हुश्श केलं. तेवढ्यात रेस्तितूता म्हणाली, "खुर्ची धर."

"कसली खुर्ची?"

"रोझाल्बाची. तू मागून धर, मी पुढून."

"आई, कुठं नेताय मला?" रोझाल्बा म्हणाली.

"उन्हात."

आम्ही तिला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं आणि गल्लीतून घेऊन निघालो. एर्सिलिया दारात उभी होती. "वेड लागलंय का? ते आलेत. आत घ्या तिला," ती दात-ओठ खात म्हणाली. रेस्तितूतानं तिच्याकडं बघितलंही नाही. आम्ही खुर्ची अनिएल्लोच्या खिडकीखाली ठेवली.

तो खिडकीतच होता. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात मोगरी. दोरीवरचा मोजा त्यानं पाहिला होता. आता फक्त आत वळून खाली आपटायची, एवढंच बाकी होतं. रेस्तितूतानं हात जोडले नाहीत, ती मान वर करून नुसती बघत राहिली.

रोझाल्बाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं वर बघितलं आणि हसली. "मास्त्रो, जेवलास का?"

अनिएल्लो तिच्या पायांकडं बघत होता. मग म्हणाला, "पोरी, तुझी चप्पल पडली."

रोझाल्बानं खाली बघितलं. बोचऱ्या थंडीत तिचा डावा पाय उघडा फरशीवर टेकला होता. तिच्या मांडीवर शाल होती म्हणून तिला तो दिसला नसावा, आणि कळणार तर नव्हताच.

"कुठल्या पायातली?" तिनं विचारलं.

अनिएल्लो खिडकीतून आत गेला.

आम्ही ठोक्याची वाट बघत राहिलो. मी डोळे मिटून घेतले. ठोका येईल आणि पायाखालचा रेडिओ बंद होईल, की सगळं संपलं. रेस्तितूतानं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं माझ्या कातडीत रुतली होती आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

रेडिओ चालूच राहिला.

एरवी आमच्या गल्लीत मशिनांच्या आवाजात बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग तळघरातला रेडिओ कसा ऐकू येणार? पण आज मोजा लागला होता. सगळी मशिनं गोधड्यांखाली मुकी झाली होती. त्या शांततेत जमिनीखालून कुणीतरी प्रेमाचं गाणं म्हणत होतं, अगदी स्पष्ट. ते दोघे साहेब गल्लीत शिरले, बंद दारं आणि कण्हणाऱ्या म्हाताऱ्या बघत पुढं आले, थांबले, एकमेकांकडं बघितलं आणि गाण्याच्या मागानं निघाले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

पोरी वर आल्या तेव्हा उजेडानं डोळे मिचकावत होत्या. मेना सगळ्यात शेवटी आली, भिंत धरून. एर्सिलियानं ते बघितलं. पुढं होऊन तिनं पोरीला कमरेत धरलं आणि घरात नेलं, आणि दार लावून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगते. तळघराला टाळं लागलं. हिवाळाभर गल्लीत काम नव्हतं, आणि लोक रेस्तितूताच्या दारावरून जाताना थुंकायचे. मोजा लावला होता, एकही बाई सापडली नव्हती, तरीही थुंकायचे. पोटाला हिशेब कळत नाही. तिला ती खोली सोडावी लागली, माझ्याकडं येऊन राहिली. वसंतात दुसऱ्या एका मालकानं आमच्यातल्या काहीजणींना काम दिलं, सगळ्यांना नाही. रोझाल्बा इस्पितळात राहिली, मग घरी आली. आज काठी घेऊन चालते. चढ असला की थांबते, पण चालते. मेना तर काठीशिवाय चालते. एर्सिलिया रेस्तितूताशी पुढं कधीच बोलली नाही. पण दर ईस्टरला आमच्या उंबऱ्यावर झाकून ठेवलेली गव्हाची पास्तिएरा, आमची सणाची मिठाई, सापडायची, आणि ती कोणाच्या हातची ते वासावरून कळायचं.

पण त्या सोमवारचंच एक सांगायचं राहिलं. साहेब गेले, टाळं लागलं, आणि दॉन सोस्सियो धापा टाकत गल्लीत आला. तोवर सगळी गल्ली दारात उभी होती. अनिएल्लो आपल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता, मोगरी मांडीवर घेऊन.

"मोजा लागला होता?" दॉन सोस्सियोनं त्याला विचारलं.

"लागला होता."

"तू पाहिलास?"

"पाहिला."

"मग ठोकलं का नाहीस?"

अनिएल्लो उठून उभा राहिला. मालकासमोर तो कधी बसून बोलायचा नाही. "कातडं ताणलं होतं, दॉन सोस्सियो," तो म्हणाला. "सोडलं असतं तर आखडलं असतं."

कुणी हसलं नाही. दॉन सोस्सियो त्याच्याकडं बघत राहिला. कातडी उद्या येतील, हा निरोप सकाळी त्यानंच पाठवला होता. मग त्यानं हात पुढं केला. अनिएल्लोनं मोगरी त्याच्या हातात ठेवली आणि वर जाऊन कोरडं टेबल पुसायला घेतलं.